बारावीवर डेस्कटॉप सपोर्ट: प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२५

प्रकल्प एका ओळीत: डिग्री नाही, तरी आयटी सपोर्टच्या नोकरीपर्यंत पोचायचं. कोडिंग नाही हे आधीच सांगून देते, कारण घरी कोणालाही कम्प्युटरचं शिकून राहिली म्हटलं की पुढचा प्रश्न ॲप बनवते का हाच असतो. मला बंद पडलेली मशीन, अडकलेलं प्रिंट, न होणारं लॉगिन असल्या गोष्टींत मजा येते. सध्या नागपुरात मानेवाड्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात काउंटरवर असते, बीएस्सी दुसऱ्या वर्षात सुटली, एमएस-सीआयटी झालेलं आहे (ते महाराष्ट्रात कोणाचं झालेलं नसते?).

सामान: मालकाने भंगारात काढलेला चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, त्यात सीताबर्डीतून सेकंडहँड रॅम टाकून १६ जीबी केली, २४० जीबीची एसएसडी, एक जुना मॉनिटर, एक क्रिम्पिंग टूल (नेटवर्क केबलला टोक बसवायचं). स्कूटी आहे, हे पण सामानातच धरा, पुढे कामात येणार.

१३ जुलै

आज दिवसभर जाहिराती वाचल्या. डेस्कटॉप सपोर्ट, फील्ड इंजिनिअर, रेसिडेंट इंजिनिअर, हेल्पडेस्क एल-वन (तक्रार घेणारी पहिली पायरी, त्याच्या वर एल-टू), नावं वेगळी पण काम जवळपास तेच. अटी पण ठरलेल्या: एनी ग्रॅज्युएट, ओन बाइक मस्ट, आणि बऱ्याच ठिकाणी सरळ 'मेल कँडिडेट ओन्ली'. म्हणजे माझ्यासाठी एक नाही दोन दारं बंद, पण दुसऱ्याबद्दल नंतर.

शेजारचा दादा एएमसीवाल्याकडे (वर्षाच्या करारावर दुसऱ्यांचे कम्प्युटर सांभाळणारा) फील्डला आहे, म्हणजे जागेवर जाऊन दुरुस्ती करते, त्याच्याशी बोलल्यावर कामाची उतरंड कळली. मिहानमधली मोठी कंपनी, बँक, हॉस्पिटल हे लोक आपले कम्प्युटर सांभाळायचं काम बहुतेक वेळा बाहेर देतात, ते घेते एखादी मोठी सर्व्हिस कंपनी, ती नागपुरातल्या माणसांसाठी अजून छोट्या एएमसीवाल्याला धरते, आणि तो छोटा माणूस कधी कधी आपल्याच ओळखीतून पोरं घेते. वरच्या पायरीवर अर्ज पोर्टलवर जातो आणि तिथे शिक्षणाच्या रकान्यात बारावी निवडली की कोणी माणूस वाचायच्या आधीच अर्ज बाजूला पडायचा धोका. खालच्या पायरीवर अर्ज वाचणारा स्वतः स्क्रू ड्रायव्हर चालवणारा असतो. पैसे पण खाली कमी, हे उघड आहे. तरी मी खालून जायचं ठरवलं, म्हणजे कागद पाहणाऱ्याच्या आधी काम पाहणारा भेटला पाहिजे.

बाकीचे रस्ते पण पाहून घेतले. एचसीएल कंपनीचा टेकबी (शिकवून नोकरी देणारा कार्यक्रम) बारावीनंतर घेते, पण बारावी ताजी लागते आणि गणित लागते, माझी शिळी झाली. झोहो ह्या सॉफ्टवेअर कंपनीची शाळा तमिळनाडूत, घर सोडणं आत्ता जमत नाही. आयटीआयचा कोपा (कम्प्युटर ऑपरेटर) ट्रेड एक वर्षाचा, दहावीवर मिळतो, आणि अप्रेंटिसशिपला तो कागद चालतो, हा पर्याय मी खोडला नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला महिन्याला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीधराला १० हजार. तेच ऑफिस, तीच खुर्ची, आणि डिग्रीची किंमत सरकारने छापूनच दिली आहे, चला निदान आकडा तरी कळला.

सर्टिफिकेटचं: सीसीएनएची (सिस्कोची नेटवर्किंगची) परीक्षा ३०० डॉलरची, वर टॅक्स, आणि तीन वर्षांनी मुदत संपते. कॉम्पटियाच्या ए-प्लसचे (कम्प्युटर सपोर्टचं सर्टिफिकेट) दोन पेपर, दोन्हीची फी वेगळी. नागपूरच्या जाहिरातीत ए-प्लसचं नाव मला सापडलंच नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालायचे नाहीत. अभ्यासक्रम मात्र दोन्हीचा फुकटात वाचता येतो, सिस्कोचं पॅकेट ट्रेसर (नेटवर्कचा सराव करायचं सॉफ्टवेअर) पण फुकट आहे, तेवढं बस झालं.

२० जुलै

घरी सरावाची लॅब सुरू. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एकाच कम्प्युटरच्या पोटात अजून कम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) एक विंडोज सर्व्हर आणि दोन क्लायंट, म्हणजे यूजरच्या साध्या मशीन. सर्व्हरचं इव्हॅल्युएशन (फुकट चाचणी आवृत्ती) १८० दिवस चालते, विंडोज ११ एंटरप्राइजचं ९०. होम एडिशन घेऊ नका, ती डोमेनला (ऑफिसच्या सगळ्या मशीन आणि लॉगिन एका सर्व्हरखाली ठेवायची व्यवस्था) जोडताच येत नाही.

डोमेन जोडताना क्लायंट सांगते की डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) सापडत नाही, पिंग (समोरची मशीन उत्तर देते का ते पाहणारी कमांड) मात्र मस्त चालून राहिलं. इथे जवळपास सगळेच अडकतात आणि फायरवॉल बंद करत बसतात. भानगड डीएनएसची असते, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीची. क्लायंट डोमेन कंट्रोलर शोधते डीएनएसमधल्या नोंदींवरून, आणि त्या नोंदी फक्त तुमच्या सर्व्हरकडे आहेत, गुगलच्या ८.८.८.८ ला तुमच्या घरच्या डोमेनबद्दल काय माहीत असणार. क्लायंटच्या डीएनएसमध्ये सर्व्हरचा पत्ता टाका, झालं.

मग दिवसभर मुद्दाम मोडायचं आणि दुरुस्त करायचं: अकाउंट लॉक करून उघडणं, पासवर्ड रिसेट, ग्रुप पॉलिसीने (सर्व्हरवरून सगळ्या मशीनला लावायचे नियम) ड्राइव्ह लावणं, यूजरला चुकीच्या ग्रुपमध्ये टाकून फोल्डर का उघडत नाही ते पाहणं. हेल्पडेस्कवर येणारे कॉल बहुतेक ह्याच जातीचे असतात म्हणे.

३ ऑगस्ट

दादा लॅब पाहायला आला. चहा घेतला, सगळं पाहिलं, आणि म्हणाला, "हे ठीक आहे बे, पण हे तू अन् तुझी भिंत पाहून राहिली. मले सांग, कॉल लिहिता येते का तुले?"

मी म्हटलं कॉल म्हणजे फोन? तर नाही, कॉल म्हणजे तक्रार, तिकीट. त्याच्याकडे नवीन आलेली इंजिनिअर झालेली पोरं पण कॉल क्लोज करताना 'इश्यू रिझॉल्व्ड' एवढंच लिहितात, मग महिन्याने तीच मशीन तेच रडगाणं घेऊन येते आणि मागे काय केलं होतं कोणालाच माहीत नाही. मग आम्ही बसून एक साचा बनवला. तक्रार यूजरच्याच शब्दांत. मग काय पाहिलं, आणि काय पाहून बाद केलं (हे सगळ्यात महत्त्वाचं). कारण. काय केलं. आणि पडताळणी कशी केली, कोणत्या वेळेला.

आता प्रश्न, खऱ्या तक्रारी आणायच्या कुठून. लॅबमध्ये स्वतःच मोडलेलं स्वतःच दुरुस्त करायचं म्हणजे पेपर आपणच काढायचा आणि आपणच सोडवायचा. मामाचं इतवारीत मसाल्याचं ठोक दुकान आहे, मस्कासाथच्या बाजूला, तिथे कम्प्युटर आहेत आणि मुनीमजी आहेत, म्हणजे तक्रारी आहेतच.

१० ऑगस्ट

मामाच्या दुकानातलं पहिलं तिकीट. जसंच्या तसं टाकते.

तक्रार (मुनीमजींच्या शब्दांत): "बेटा, जीएसटी का पोर्टल खुल नहीं रहा, नेट गया है." उद्या ११ तारीख, जीएसटीआर-वन भरायची शेवटची तारीख, त्यामुळे आवाज चढलेला.

काय पाहिलं: नेट गेलेलं नाही, त्याच वायफायवर मुनीमजींच्या मोबाइलमध्ये पोर्टल उघडते. मशीनवरून ८.८.८.८ ला पिंग जाते. नाव टाकून पिंग केलं तर पत्ता पण येते, म्हणजे डीएनएस बाद. ब्राउझर म्हणते कनेक्शन खाजगी नाही, आणि खाली बारीक अक्षरात सर्टिफिकेटच्या तारखेची एरर. उजव्या कोपऱ्यात खाली पाहिलं तर कम्प्युटर काही वर्षं मागे जगून राहिलेला.

कारण: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला. दुकान बंद करताना रोज मेन स्विच पाडतात, त्यामुळे रात्रभर मशीनला करंट नाही, सकाळी घड्याळ पुन्हा जुन्या तारखेवर. सकाळी स्क्रीनवर एफ-वन दाबा असं येत होतं आणि मुनीमजी रोज इमानदारीने एफ-वन दाबत होते.

काय केलं: सेल बदलला, बायोसमध्ये तारीख-वेळ लावली, विंडोजमध्ये टाइम झोन तपासला. नुसती तारीख बदलून निघाली असती तर परवा परत फोन आला असता. टॅलीत मागच्या तारखेने काही व्हाउचर पडले का ते मुनीमजींना तपासायला सांगितलं, दोन-चार सापडले, ते त्यांनीच नीट केले, मी हिशोबाला हात लावला नाही.

पडताळणी: मशीन बंद, मेन पाडला, थोडं थांबून चालू, तारीख टिकली, पोर्टल उघडलं. रिटर्न त्याच संध्याकाळी गेलं.

मामा म्हणाला, "अन् हे लिहून कायले राहिली?" सांगितलं, हीच माझी मार्कशीट. तो हसला, पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानदाराला पाठवून दिलं.

२३ ऑगस्ट

आज मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची पुतळ्यांची मिरवणूक. काळी-पिवळी दोन्ही पाहिल्या, गर्दीत चप्पल गेली. बडग्यांवर (सोबतच्या पुतळ्यांवर) दरवर्षी महागाई, भ्रष्टाचार असं काय काय लिहिलेलं असते, मी मनातल्या मनात एनी ग्रॅज्युएटची अट घेऊन जा गे मारबत म्हणून घेतलं. काम काही नाही.

१४ सप्टेंबर

हे तिकीट लांब आहे कारण ह्यात मला खरं काहीतरी कळलं.

तक्रार: सकाळी कधी ह्या मशीनवर टॅली उघडत नाही, कधी त्या. नेट पण जाते. रीस्टार्ट केलं की कधी सुरू होते, कधी अजून बिघडते. मामेभावाचं निदान असं की "व्हायरस आहे, फॉरमॅट मारून दे."

फॉरमॅट हा शब्द ऐकला की मी आता खुर्चीवर बसूनच घेते. आधी पाहू. चालणाऱ्या मशीनवर आयपीकॉन्फिग ऑल (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड): पत्ता १९२.१६८.१ च्या रांगेतला, गेटवे (बाहेर नेटकडे जायचं दार) १९२.१६८.१.१, बरोबर, तो नेटवाल्याचा राउटर. न चालणाऱ्या मशीनवर: पत्ता १९२.१६८.० च्या रांगेतला, गेटवे १९२.१६८.०.१, डीएचसीपी सर्व्हर (मशीनना पत्ते वाटणारा) पण तोच. आता दुकानात १९२.१६८.०.१ नावाचा कोणी प्राणीच नाही, मग पत्ता वाटते कोण? १६९.२५४ असा पत्ता आला असता तर समजली असती की कोणी उत्तरच दिलं नाही, इथे तर कोणीतरी आवर्जून चुकीचं उत्तर देऊन राहिलं.

दुसरा डीएचसीपी. एका नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघं झाले की ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता मशीन घेते, म्हणून तर कधी ही मशीन, कधी ती. सगळं सकाळीच का, तर रात्री मेन पडते आणि सकाळी सगळ्या मशीन एकदम पत्ता मागायला उठतात. टॅलीचा डेटा ज्या मशीनवर आहे तिचा पत्ता मात्र हाताने टाकलेला, पहिल्या रांगेतला, त्यामुळे दुसऱ्या रांगेत गेलेल्याला ती दिसणारच नाही.

आता तो आहे कुठे. एआरपी कमांड मारून १९२.१६८.०.१ चा मॅक पत्ता (यंत्राला कंपनीनेच दिलेला नंबर) काढला, त्याच्या पहिल्या सहा अंकाक्षरांवरून कंपनी कळते, निघाली राउटर बनवणारी. मग आठ पोर्टच्या स्विचमधली एकेक केबल धरून चालत गेली, एक केबल मागच्या गोदामात गेली, धण्याच्या पोत्यांच्या मागे, शिंका देत देत पोत्यांमधून हात घातला तर हिरवा लाइट. मामेभावाने घरचा जुना राउटर आणून लावला होता, गोदामात मोबाइलला रेंज येत नाही म्हणून. केबल लॅन पोर्टमध्ये. खाली स्टिकरवर मॅक पत्ता तोच, शेवटच्या एका अंकाने इकडेतिकडे.

राउटर काढून टाकणं सोपं होतं. पण गोदामात हमाल, ड्रायव्हर सगळ्यांना व्हॉट्सॲपवर बिल येतात, त्यांना तिथे नेट लागतेच, काढला असता तर आठवड्याने दुसरा आणून लावला असता. म्हणून त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी बंद केला, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या रांगेतला पण वाटपाच्या बाहेरचा दिला, केबल लॅनमध्येच ठेवली. आता तो नुसता वायफाय देते, पत्ते वाटत नाही. मशीनवर रिलीज-रिन्यू, म्हणजे जुना पत्ता सोडून नवा मागायचा. प्रिंटरचा पत्ता पण राउटरमध्ये राखून ठेवला, तो पुढे रडू नये म्हणून.

पडताळणी: दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी जाऊन उभी राहिली, मेन चालू झाल्यावर सगळ्या मशीनचे पत्ते पाहिले, सगळे एका रांगेत.

५ ऑक्टोबर

एक फोन आला. मोठ्या कंपनीच्या नावाने, शंभर टक्के प्लेसमेंट, डिग्री नको, फक्त सिक्युरिटी डिपॉझिट भरा आणि ओरिजिनल मार्कशीट जमा करा. बिना डिग्रीवाल्यांना हे फोन जास्त येतात असं मला वाटते, कारण त्यांना माहीत असते की आपल्याला 'डिग्री नको' ऐकायचं आहे. नोकरीसाठी पैसे मागितले की फोन ठेवायचा. मूळ कागद तर कोणालाच देऊन ठेवायचा नाही, जॉइन होताना पण नाही, दाखवायचा आणि परत घ्यायचा.

१४ ऑक्टोबर

विंडोज १० चा आज शेवटचा दिवस, मायक्रोसॉफ्टचे फुकट अपडेट बंद. मामाच्या गल्लीत सगळ्यांना एकदम आजच आठवण आली.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. काही मशीनमध्ये टीपीएम असते पण बायोसमध्ये बंद असते, तिथे पीटीटी नावाचं सेटिंग चालू केलं की झालं. सहाव्या पिढीच्या मशीनला मात्र तो रस्ता नाही. यूट्यूबवर बायपास करायच्या जुगाडाचे ढीगभर व्हिडिओ आहेत आणि घरच्या लॅबमध्ये मी करून पण पाहिलं, चालते, पण ज्या मशीनवर दुकानाची बिलं निघतात तिथे जुगाड लावायचा नाही असं माझं मत आहे, उद्या अपडेट अडकला तर फोन मलाच. अशा जुन्या मशीनना एक वर्षाचं वाढीव अपडेट मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ते लावून दिलं आणि कागदावर लिहून दिलं की पुढच्या दिवाळीच्या आत कोणती मशीन बदलायची. शेटजी लोकांना तो कागदच जास्त आवडला.

९ नोव्हेंबर

रेझ्युमे पुन्हा लिहिला. शिक्षण सगळ्यात खाली, एका ओळीत, बारावी, लपवलं नाही. वर काम. मागे निवडक तिकीटं जोडली, दुकानांची नावं, जीएसटी नंबर, मॅक पत्ते सगळे काढून. दुसऱ्याच्या नेटवर्कची माहिती उघडी दाखवत फिरणाऱ्या पोरीला कोणी आपल्या नेटवर्कला हात लावू देईल का?

पोर्टलवर टाकलेल्या अर्जांचं काहीच नाही आलं. एका ठिकाणी एचआरने फोन केला, छान बोलली, शेवटी विचारलं ग्रॅज्युएशन कोणत्या वर्षी, मी सांगितलं नाही झालं, तर म्हणाली सिस्टीम पुढे जाऊ देत नाही. तिचा राग नाही आला, तिच्या हातात खरंच नसेल. दादाने दिलेले आणि इतवारीतून मिळालेले नंबर मात्र मी स्वतः फोन करून, भेटायला जाऊन पाहून राहिली.

२२ नोव्हेंबर

मुलाखत, आयटी पार्कच्या बाजूला एका छोट्या एएमसीवाल्याकडे. मेट्रोने सुभाष नगरला उतरली, वेळ होता म्हणून ठेल्यावर तर्री पोहा खाल्ला, मग पांढऱ्या कुर्त्यावर तर्री पडली नाही ना तेच पाहत आत गेली.

समोर टेक्निकलवाले सर होते, एचआर नाहीच. डिग्रीचं विचारलं, मी सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि तिकीटं उलटायला लागले. धण्याच्या पोत्यांवर थांबले.

"इथे लिहिलं तुम्ही, राउटर काढला नाही, डीएचसीपी बंद केला. काहून?"

सांगितलं, गोदामात नेट लागतेच.

"बरं. हेच बँकेत सापडलं असतं तर?"

म्हटलं, हात लावला नसता. फोटो, मॅक पत्ता, कोणत्या पोर्टला आहे ते लिहून वरच्या टीमला कळवलं असतं, आणि ते सांगतील तेव्हाच पोर्ट बंद. बँकेत कोणी अनोळखी राउटर लावणं ही नुसती बिघाडाची गोष्ट नाही.

मग एक केबल क्रिम्प करायला दिली. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेस्टरवर आठही लाइट लागले. केबल जास्तीत जास्त किती लांब, तर १०० मीटर.

शेवटी तो दुसरा दरवाजा. "मॅडम, फील्डला आमच्याकडे मुली नाहीत. रात्री कॉल आला तर?" मी उलट विचारलं, रात्री आठनंतरचे कॉल किती असतात आणि त्यांचं रोस्टर कसं असते. त्यांनी जरा विचार केला, म्हणाले बहुतेक काम दिवसाचंच आहे, आणि एका हॉस्पिटलला रेसिडेंट पाहिजेच आहे, तिथे फिरायचं नाही, एकाच जागी शिफ्ट. कळवतो म्हणाले. सगळेच कळवतो म्हणतात.

२९ नोव्हेंबर

कळवलं. हॉस्पिटलची जागा, तीन महिने ट्रायल, मग अकरा महिन्यांचा करार. पगार थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे कागदावर पगार देणारी कंपनी तिसरीच. मी तीन गोष्टी विचारल्या आणि लेखी मागितल्या: पीएफचा यूएएन नंबर कधी निघते, ईएसआयसी म्हणजे कामगार विमा कापणार का (पगार २१ हजारांच्या आत असला की लागू असते), आणि बॉंड (मधेच नोकरी सोडली तर पैसे भरायची अट) आहे का. बॉंड नाही. आकडा इथे लिहित नाही, झेरॉक्सच्या दुकानापेक्षा जास्त आहे पण लाडू वाटावे एवढा नाही. आईने तरी वाटले.

९ डिसेंबर

कालपासून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद, मोर्चे, पोलीस, नागपूरकरांना सांगायला नको. स्कूटी घरी ठेवून मेट्रोने गेली म्हणून वेळेत पोचली.

कामाचं: कॉल सतत. ओपीडीचा प्रिंटर, नर्सिंग स्टेशनचा पासवर्ड, एक्स-रेच्या मशीनला हात लावायचा नाही कारण तो वेगळ्या कंपनीचा. डॉक्टर 'लवकर करा' म्हणतात आणि सिस्टर 'हे रोजचंच आहे' म्हणतात, आणि बहुतेक वेळा सिस्टरचं बरोबर असते, त्यांना विचारलं की बिघाड कधीपासून, कोणत्या शिफ्टमध्ये, सगळं कळते. सोबतचा मुलगा बीई आहे, पगारात फार फरक नाही असं त्यानेच सांगितलं, चेहरा पाडून.

२१ डिसेंबर

डिग्रीचं काय, तर ते पण करणार. हॉस्पिटलमध्ये वरच्या जागेच्या जाहिराती पाहिल्या, एल-टूच्या पुढे पुन्हा तोच रकाना येते, आणि तिथे ओळखीवर जाता येत नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा फॉर्म पुढच्या प्रवेशाला भरते, नोकरी सांभाळून जमते, आणि फी माझ्या पगारातून निघते. दादा म्हणाला, "मंग इतका आटापिटा कायले केला, आधीच डिग्री करायची होती." आधी फी कोण भरत होतं, हे त्याने सांगितलं नाही.

इथे पुढची तिकीटं येणार नाहीत, हॉस्पिटलचं काम बाहेर लिहायला मनाई आहे आणि ते बरोबरच आहे. इतवारीचं रविवारी चालू राहील. लॅबच्या सर्व्हरचे १८० दिवस जानेवारीच्या मध्यात संपतात, तेव्हा सगळं परत बसवायचं आहे, यूजर, ग्रुप, पॉलिसी, ह्यावेळी हाताने नाही, पॉवरशेलच्या स्क्रिप्टने (विंडोजला एकामागे एक हुकूम देणारी फाइल), ती अर्धी लिहून झाली आहे आणि ग्रुप पॉलिसीच्या भागात अडकून पडली आहे.